झाडूच्या आधीची गोष्ट

मी बीबीचा. लोणार तालुका, बुलढाणा जिल्हा. शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअरचं, वय तिशीच्या थोडं अलीकडे. या वयात मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरून फिरून येतो: पगार येतोय, ईएमआय जातोय, पण हे सगळं कशासाठी? आज त्यावर मोटिव्हेशन नको, थोडा इतिहास ऐकू. आपल्याच वऱ्हाडातला.

१ फेब्रुवारी १९०५. डेबूजी झिंगराजी जाणोरकर घर सोडून निघाले. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, म्हणजे एकोणतीस पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी. माझ्याच वयाचे! पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. तिथून पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे: हातात झाडू, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. त्याआधी काय झालं, ते फार कमी सांगितलं जातं.

वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथं मामाची गुरं राखायची, मोठं झाल्यावर औत हाकायचं. शाळेचा प्रश्नच नव्हता. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकले. हिशोब सावकाराच्या वहीत, आणि घरात ती वही वाचता येणारं कुणी नाही. जमीन गेली, त्या धक्क्यात मामाही गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी आडवे उभे राहिले.

पुढे मुलीचं बारसं आलं. रिवाज मटण-दारूच्या जेवणाचा. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. भावकी नाराज झाली, पण ते हटले नाहीत.

आता हे जुळवून बघा. दारू, कर्ज, अक्षरशत्रू घर. पुढची पन्नास वर्षं गाडगेबाबा कीर्तनात हेच तर बोलत राहिले! दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करू नका, मुकी जनावरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी.

एक गोष्ट मात्र खटकते, ती बोललीच पाहिजे. ते निघाले तेव्हा आई, पत्नी कुंताबाई आणि मुलं मागे राहिली. त्या घरानं काय सोसलं असेल? ‘नोकरी सोडा, स्वतःला शोधा’ सांगणाऱ्या रीलमध्ये मागे राहिलेल्यांचा हिशोब कधीच नसतो. म्हणून घर सोडण्याचा धडा मी यातून घेत नाही.

मी घेतो तो दापुऱ्याचा धडा. आपल्या घराला जे लागलं, ते दुसऱ्याच्या घराला लागू नये म्हणून त्यांनी काम काढलं. जगण्याचा अर्थ शोधायला ते आधी लांब कुठं गेले नव्हते. तो त्यांना मामाच्या शेतात आणि लेकीच्या बारशात दिसला होता.

आपल्यासाठी ती सावकाराची वही आज कुठं आहे? मोबाईलमध्ये. लोन ॲप, इंग्रजी अटी, खाली ‘आय ॲग्री’चं बटण. अंगठा तोच, फक्त शाई गेली. गावात काकांना, मावशीला तो मजकूर वाचता येत नाही. मला येतो, कारण असे स्क्रीन बनवणं हाच माझा धंदा. मग सुट्टीत गावी आल्यावर कुणासोबत तरी ओट्यावर बसून व्याज किती, दंड किती, कॉन्टॅक्टची परमिशन कशाला मागतात, हे वाचून दाखवायला काय लागतं? अर्धा तास. तेवढ्यानं आयुष्याचं कोडं सुटणार नाही, पण एखादं शेत वाचू शकतं.

२० डिसेंबर १९५६ ला बाबा अमरावतीजवळ गेले. शाळेची पायरीही न चढलेला हा माणूस. आज आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या डिग्रीवर विद्यापीठाचं नाव असतं: संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. तुमच्याकडे ती डिग्री असेल, तर या रविवारी ती कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या.

भेटू पुढच्या भागात. रामराम!