खापर एकट्या प्लेगवर?

सिएनाच्या कथेड्रलशेजारी एक प्रचंड दर्शनी भिंत उभी आहे. तिच्यामागे छत नाही. जिथे चर्चचे मधले दालन व्हायचे, तिथे आज उघडा चौक आहे. १३४८च्या प्लेगने काम बंद पडले, ही तिची नेहमी सांगितली जाणारी कहाणी. गाएतानो मिलानेसीने १८५४पासून छापलेले नगरसभेचे ठराव आणि कारागिरांचे अहवाल मात्र वेगळाच क्रम दाखवतात.

पहिला कागद १७ फेब्रुवारी १३२२चा. (मुळात साल १३२१ आहे, सिएनात वर्ष २५ मार्चला बदलत असे, हे विसरले की सगळा हिशेब चुकतो.) तेव्हा जुने चर्च उताराकडे, बाप्तिस्मागृहाच्या डोक्यावरून वाढवले जात होते. लोरेन्झो माइतानी आणि आणखी चार जाणकारांनी पाहणी करून कळवले: नवा पाया काही ठिकाणी खचू लागलाय, भिंतींची जाडी अपुरी आहे, जुने बांधकाम कधीचेच बसलेले आणि नवे अजून बसायचे आहे, शिवाय घुमट मध्यावर राहणार नाही. काम थांबवा. त्याच पाचजणांनी पुढे सुचवले, की देखणे, भव्य असे नवेच चर्च बांधा. नगरीने थांबण्याचा सल्ला कानाआड केला. नव्या चर्चचा मात्र सतरा वर्षांनी उचलला.

२३ ऑगस्ट १३३९ रोजी मते पडली: बाजूने २१२, विरोधात १३२. जुने कथेड्रल नव्याचा नुसता आडवा हात होणार होते! एवढ्या मोठ्या स्वप्नाला एकतृतीयांशाहून अधिक सभासदांनी नकार दिला, हे मला फार बोलके वाटते. कामासाठी लान्दो दी पिएत्रोला नेपल्सहून बोलावले. तो मूळचा सोनार. १३४०मध्ये तो वारला आणि जबाबदारी जोव्हान्नी द'अगोस्तीनोकडे आली.

प्लेगने माणसे नेली, पैसा आटला, हे खरेच. पण पाडण्याचा निर्णय झाला तो आणखी नऊ वर्षांनी. मधल्या काळात, १३५५मध्ये, ठराव रेटणारे ‘नऊ जणांचे’ सरकार कोसळले होते. १३५६मध्ये फ्लोरेन्सच्या बेंची दी चोनेने नवे बांधकाम तपासून ते कमकुवत ठरवले, आणि १३५७मध्ये ‘बारा जणांच्या’ राजवटीने धोकादायक भाग उतरवायला लावला.

बाजूच्या एका दालनाच्या कमानी पुढे बुजवल्या गेल्या. तिथे आता संग्रहालय आहे. जुन्या चर्चच्या मुख्य वेदीसाठी दुच्चोने रंगवलेले आणि १३११मध्ये मिरवणुकीने नेलेले ‘माएस्ता’ आज त्याच दालनात आहे.