एका अश्वशक्तीचे इंजिन

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना आगबोटी, आगगाड्या आणि कापडाच्या गिरण्या यांचीच नावे घेण्याचा प्रघात आहे. परंतु घरच्या भट्टीत ओतलेल्या आणि घरच्याच हत्यारांनी घडविलेल्या लहानशा इंजिनाचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात असे प्रयत्न किमान दोन झाले. एक बंगालात, दुसरा मुंबईत. दोन्ही सफल झाले. मग त्या इंजिनांतून इंजिनांचा उद्योग का उभा राहिला नाही, हा प्रश्न त्या यशाइतकाच महत्त्वाचा आहे.

लहान इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाचे खेळणे, अशी एक समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. ग्लासगो विद्यापीठातील न्यूकमेनच्या इंजिनाची लहान प्रतिकृती १७६३-६४ च्या सुमारास जेम्स वॅटकडे दुरुस्तीला आली, तेव्हा चार-दोन फेऱ्यांतच तिची वाफ संपून जाई. आकार लहान केला की आतील पोकळी झपाट्याने घटते, भिंतींचे क्षेत्र मात्र त्या मानाने कमी घटते. वाफेची उष्णता त्या भिंतीच गिळून टाकतात. या कोड्याचा विचार करता करताच वॅटला वेगळ्या शीतकाची युक्ती सुचली.

दुसरी अडचण मापाची. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही, याचे वॅटचा भागीदार बोल्टन याला मोठे अप्रूप वाटले होते. ते सिलिंडर जॉन विल्किन्सनच्या नव्या यंत्रावर कोरलेले होते. मात्र तेवढीच चूक तीन-चार इंचांच्या सिलिंडरात राहिली, तर वाफ पिस्टनच्या कडेने निसटते आणि चाक जागचे हलत नाही. पिस्टनभोवती तेलात भिजवलेल्या दोराचे वेटोळे भरून थोडीबहुत फट झाकता येते. परंतु सरक-झडपेची बैठक सपाट नसेल, किंवा पिस्टनचा दांडा सरळ नसेल, तर कोणतेही वेटोळे कामास येत नाही. इंजिन जितके लहान, तितका कारागिराचा हात काटेकोर असावा लागतो.

असा हात आपल्याकडे होता. श्रीरामपूरच्या मिशनच्या कागद गिरणीत १८२० मध्ये विलायतेहून वाफेचे इंजिन आले. ते पाहून टिटागढच्या गोलकचंद्र नावाच्या लोहाराने कोणाही युरोपीयाची मदत न घेता एक लहान इंजिन तयार केले. जानेवारी १८२८ मध्ये कलकत्त्याच्या कृषि-उद्यानविषयक संस्थेच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. गोलकचंद्राला ५० रुपयांचे बक्षीस मिळाले. गौरव झाला, कथा तेथेच थांबली.

मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांची गोष्ट अधिक लांब आहे. १८०८ मध्ये जन्मलेले अर्देशीर हे मुंबईच्या गोदीतील प्रसिद्ध जहाजबांधणी घराण्यातले. लाकडी जहाजांच्या या घराण्यात राहून त्यांनी वाफेचा ध्यास घेतला. १८३३ च्या सुमारास त्यांनी एका अश्वशक्तीचे इंजिन बांधले. ते विहिरीचे पाणी उपसून घरच्या कारंज्याला पुरवीत असे. राहत्या जागीच त्यांनी लहानशी ओतशाळाही चालविली. १८३४ मध्ये माझगावचे त्यांचे घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले आणि युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. एका एतद्देशीयाला एवढी जागा दिल्याबद्दल मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्राने टीका केली. तथापि अर्देशीर १८५७ पर्यंत सेवेत राहिले.

एवढे असूनही मोठी इंजिने विलायतेहूनच येत राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेलेल्या गाडीची इंजिनेही तिकडचीच होती. याचे एक कारण उघड आहे : सत्ता ज्यांची, मागणीही त्यांच्याच देशातील कारखान्यांकडे जाणार. परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे. सन १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्लेने लंडनमध्ये स्क्रू कापणारा लेथ सिद्ध केला. जुना कातारी हत्यार हातात धरून कातीत असे. या लेथवर हत्यार लोखंडी सरकपट्टीत घट्ट बसते आणि स्क्रूच्या गतीने पुढे सरकते. म्हणजे अचूकपणा माणसाच्या मनगटातून निघून यंत्रात जाऊन बसला. मनगटातील कौशल्य माणसाबरोबर जाते. यंत्रातील कौशल्य मागे उरते आणि वाढते. गोलकचंद्राच्या इंजिनामागे उरले ते फक्त त्याचे नाव.

ही उणीव भरून निघण्यास शतक लोटले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तो लोखंडी नांगरांसाठी. त्याच परंपरेतून १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. यंत्रे करणारी यंत्रे देशात होऊ लागली. आता पोलाद हवे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईची निवड झाली, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीभोवती सेक्टरांची वसाहत वसली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली.

आज भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखाद्या हौशी फिटरने सुटीच्या दिवशी घरी लहान इंजिन करावयास घेतले, तर त्याची स्थिती गोलकचंद्रासारखी नसते. पोलाद, लेथ आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखविणारे मायक्रोमीटर त्याला मिळू शकतात. तरीही जुनी कसोटी सुटत नाही. पिस्टन सिलिंडरात अलगद, पण फट न ठेवता, सरकला पाहिजे. झडप नेमक्या क्षणी उघडली पाहिजे. आणि या कसोटीत इतिहासाने आणखी एकीची भर घातली आहे. आपण केलेल्या भागाचे मापानिशी रेखाटन करून ठेवावे, आणि त्यावरून शेजारच्या घरातील मुलाने तसाच दुसरा भाग करावा. त्या मुलाचा पिस्टन पहिल्याच्या सिलिंडरात बसला, तर १८२८ साली कलकत्त्यात जे अडले होते, ते त्या दोन घरांपुरते तरी सुटले असे म्हणता येईल.