जयकर : एक आडनाव, तीन आयुष्यं

अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यात होते तेव्हा ‘जयकरला जाऊ या’ हे वाक्य दिवसाआड कानावर पडायचं. जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचं ग्रंथालय. तिथली शांतता, उंच खिडक्या, परीक्षेच्या दिवसांत जागेसाठी होणारी धावपळ, सगळं ठाऊक होतं. पण हे जयकर कोण, हा प्रश्न आम्हा कुणाला पडला नाही. पुढे नोकरीत आल्यावर एकदा एका सापाचं नाव वाचलं : एरिक्स जयकरी. ओमानच्या वाळूत राहणारा, फक्त डोळे वर ठेवून दडून बसणारा छोटा अजगरासारखा साप. पुण्यातलं ग्रंथालय आणि अरबस्तानातला साप यांचं आडनाव एक कसं, या कुतूहलातून मी सवड मिळेल तसं वाचत गेले. स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी दे’ असा निरोप आला, तेव्हा राजे-लढायांपेक्षा हाच विषय द्यावासा वाटला. त्याचं एक कारण शेवटी सांगते.

जयकर हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातलं आडनाव. धुरंधर, कीर्तिकर, तळपदे, विजयकर ही त्याच समाजातली आणखी काही. पाठारे प्रभू हे मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी, संख्येने अगदी थोडे. त्यामुळे हे आडनाव तसं दुर्मीळच. पण ते लावणाऱ्या तीन माणसांनी जी कामं केली ती इतकी वेगवेगळी आहेत, की तिघांना एका ओळीत बसवायला आडनावाखेरीज दुसरा धागाच नाही.

पहिले आत्माराम सदाशिव जयकर. जन्म १८४४. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर झाले आणि त्यांची नेमणूक झाली मस्कतला. तिथे त्यांनी सुमारे ३० वर्षं काढली. मस्कत म्हणजे आपल्याच अरबी समुद्राचा पलीकडचा काठ. मुंबईशी त्याचा व्यापार जुना. पण हवामान असं, की तिथली नेमणूक म्हणजे शिक्षा असं गोरे अधिकारी मानत. जयकर तिथे रमले. रोग्यांना तपासता तपासता त्यांनी ओमानी बोली कान देऊन ऐकली आणि १८८९ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्या बोलीवर सविस्तर लेख लिहिला. ओमानी म्हणी गोळा केल्या. निवृत्तीनंतर अद्-दमीरी या चौदाव्या शतकातल्या लेखकाच्या प्राणिकोशाचं अरबीतून इंग्रजीत भाषांतर करायला घेतलं. त्याचे दोन खंड १९०६ आणि १९०८ साली निघाले.

पण त्यांचं नाव टिकलं ते प्राण्यांमुळे. मस्कतच्या समुद्रात आणि डोंगरात जे जे सापडेल ते ते जमवून, नीट जपून, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत. तिथले शास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८७ साली जयकरांनी पाठवलेल्या माशांवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एका सरड्यासारख्या प्राण्याला त्यांचं नाव दिलं, पुढच्या वर्षी त्या वाळूतल्या सापाला, आणि १९०० साली एका समुद्रघोड्याला : हिप्पोकॅम्पस जयकरी. १८९४ साली ओल्डफिल्ड थॉमस यांनी ओमानच्या कड्यांवर राहणाऱ्या रानबकरीला, म्हणजे अरबी ताहरला, ‘जयकरी’ म्हटलं. ही बकरी ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीच्या डोंगरांखेरीज जगात कुठेही नाही आणि आज ती नाहीशी होण्याच्या वाटेवर असलेल्या प्राण्यांमध्ये मोडते.

समुद्रघोडा मनोरीच्या माणसाला नवा नाही. २००१ पासून आपल्याकडे त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसलेला हा मासा. मस्कतच्या त्या समुद्रघोड्याबद्दल वाचताना माझ्या मनात मात्र वेगळाच विचार आला. डॉक्टरसाहेब काही स्वतः जाळं टाकायला जात नसणार. तो मासा पहाटे कुणाच्या तरी होडीतून किनाऱ्याला आला असेल, इतर मासळीतून कुणी तरी तो बाजूला काढून ठेवला असेल. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे न सांगता कळतं. आत्मारामांचं काम त्यामुळे उणं होत नाही. त्यांनी जपून ठेवलं नसतं, तर ते नमुने कुजून गेले असते. पण एखादं नाव टिकतं तेव्हा त्याच्यामागे न टिकलेली नावंही असतात, एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरे बॅरिस्टर मुकुंदराव रामराव जयकर. ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे ते. जन्म १३ नोव्हेंबर १८७३. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने जी स्वतंत्र चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर सारे मोठे नेते तुरुंगात असताना व्हाइसरॉय आणि तुरुंग यांच्यामध्ये निरोप नेणारे दोघे जण म्हणजे तेजबहादूर सप्रू आणि जयकर. त्यांची खटपट तेव्हा फसली. पण पुढच्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला. १९३२ च्या पुणे करारावरही जयकरांची सही आहे.

अशा मध्यस्थ माणसांचे पुतळे सहसा होत नाहीत. दोन्ही बाजूंना ते थोडे परकेच वाटतात. पण त्यांच्या कामावर आपण रोज चालतो, हे शब्दशः खरं आहे. १९२७ साली सरकारने भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष जयकर. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते होते बैलगाडीच्या काळातले. समितीने सांगितलं, की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. त्यानुसार १९२९ साली गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. अभियंत्यांनी एकत्र बसून रस्त्यांचे नियम ठरवावेत या सूचनेतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. आजही देशातले रस्ते तिच्याच मानकांनुसार बांधले जातात. भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून मनोरीला गाडीने येणाऱ्यांनी, आणि तो वळसा नको म्हणून मार्व्याला तरीत बसणाऱ्यांनीही, रस्त्याची किंमत काय असते याचा अनुभव घेतलेलाच आहे.

मुकुंदरावांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग संविधान सभेतला आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेले नव्हते, संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. जयकरांनी दुरुस्ती सुचवली : ते येईपर्यंत ठराव लांबणीवर टाका. सभेला हे रुचलं नाही. दुसऱ्याच दिवशी, १७ डिसेंबरला, त्यांच्या बाजूने बोलायला एक जण उभे राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घाई करू नका, सगळ्यांना बरोबर घ्या, असं त्यांचं सांगणं होतं. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला.

यानंतर जे घडलं ते आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. बाबासाहेब निवडून आले होते बंगालमधून. फाळणीमुळे त्यांची ती जागा गेली. इकडे जयकरांनी आपल्या सदस्यत्वाचा राजीनामा दिलेला होता, त्यामुळे मुंबई प्रांतातली एक जागा रिकामी होती. राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्या जागी डॉ. आंबेडकरांना निवडून देण्यास सांगितलं. जुलैत ते सभेत परत आले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. जयकरांनी जागा बाबासाहेबांसाठी सोडली असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांचा राजीनामा आधीचा. पण संविधानाच्या शिल्पकाराला सभेत परत येण्यासाठी जी खुर्ची मिळाली, ती जयकरांची रिकामी खुर्ची होती, हे खरंच आहे.

त्यानंतर वयाच्या पंच्याहत्तरीत ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ हवं का याचा विचार करणाऱ्या १९४२ च्या समितीचेही तेच अध्यक्ष होते. आपल्या आजोबांचे, म्हणजे वासुदेव कीर्तिकरांचे, वेदान्तावरचे लेख संपादित करून त्यांनी १९२४ साली छापले होते. आईकडच्या घराण्याचं ऋण फेडायची ही रीत मला आवडली. १० मार्च १९५९ रोजी ते गेले.

तिसऱ्या पुपुल जयकर. त्यांचं आडनाव जन्माचं नव्हे. माहेरच्या त्या मेहता; गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. जन्म ११ सप्टेंबर १९१५, उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून शिकून आल्या आणि १९३७ साली मनमोहन जयकर यांच्याशी लग्न झालं. स्वातंत्र्यानंतर हातमाग आणि हस्तकला हेच त्यांचं कार्यक्षेत्र झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेमागे, १९८२ च्या लंडनमधल्या भारत महोत्सवामागे, १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इनटॅक’मागे त्यांचा हात होता. जे. कृष्णमूर्ती आणि इंदिरा गांधी यांची चरित्रं त्यांनी लिहिली.

पण मला सांगायची आहे ती १९६६ च्या सुमाराची हकीकत. बिहारमध्ये दुष्काळ होता. मिथिलेतल्या बायका लग्नकार्यात घराच्या भिंतींवर चित्रं काढत. पुपुलबाईंनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. बायकांना कागद द्या, चित्रं कागदावर काढू द्या, म्हणजे ती विकता येतील आणि घरात चार पैसे येतील, असा साधा हिशेब होता. भिंतीवरचं चित्र पावसाळ्याबरोबर जायचं आणि काढणारीचं नाव तर कुठे नसायचंच. कागदामुळे चित्र टिकलं आणि नावंही पुढे आली : जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. हेच भास्कर कुलकर्णी नंतर आपल्या डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या रेषा जगासमोर येण्यात त्यांचा मोठा वाटा. मशेंना पद्मश्री मिळाली ती २०११ साली.

आता तिघांकडे एकत्र पाहू. दोघांना आडनाव जन्माने मिळालं, एकीला लग्नाने. आपल्या मनोरीत तर आडनाव येण्याची तिसरीही वाट आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा किनारा पोर्तुगिजांकडे होता. त्या काळात बाप्तिस्म्याबरोबर नवी आडनावं आली आणि ती आज इथल्या मातीतलीच झाली आहेत. तेव्हा आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही अमुक का?’ असं माप काढणाऱ्यांनी जरा थांबावं. ते कुठून आलं हे कदाचित कळेल. लावणाऱ्याने त्याचं काय केलं, हे त्यावरून कळत नाही.

प्राणिशास्त्रात एक गंमत आहे. नवं संशोधन झालं की प्राण्याच्या नावाचा पहिला भाग बदलतो, दुसरा टिकतो. त्या अरबी बकरीचं आधीचं नाव हेमिट्रॅगस जयकरी. २००५ मध्ये ती वेगळ्या कुळीची ठरली आणि नाव झालं अरबिट्रॅगस जयकरी. आपल्याकडे मुलींचं याच्या उलट. पहिलं नाव राहिलं तर राहतं, दुसरं जातं.

आणि इथे मी सुरुवातीला म्हटलेलं कारण येतं. या मेळाव्यासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे. नावं जुळवणं हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा भाग, म्हणून ते माझ्याकडे आलं. शाळेच्या जुन्या नोंदींवरून आपल्या वर्गातले मुलगे भराभर सापडले. मुली सापडेनात. त्याच गावात, खाडीपलीकडे मालाडला, वसईला, काही आखातात मस्कत-दुबईला असतील. शिकवत असतील, दवाखाना चालवत असतील, मासळी विकत असतील. पण ज्या आडनावाने त्यांनी बाईंना ‘हजर’ म्हटलं ते आज कुठल्याच फोनमध्ये नाही. आत्मारामांच्या समुद्रघोड्याचं नाव १२५ वर्षं टिकतं आणि पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीचं २५ वर्षांत हरवतं.

म्हणून यादीत मी प्रत्येकीसाठी दोन रकाने ठेवले आहेत : शाळेतलं आडनाव आणि आजचं आडनाव. ज्यांनी बदललं नाही त्यांनी एकच भरावं. शिक्षकांना विनंती, आपल्याला आठवत असलेली नावं, नुसतं पहिलं नाव आणि घर कुठल्या आळीत एवढं जरी आठवत असलं तरी, कळवावीत. मित्रांनाही विनंती : आपली बहीण, वहिनी, चुलतबहीण या शाळेची असेल, तर तिचं माहेरचं नाव लिहून पाठवा. छपाईनंतरही यादी उघडीच राहील. हा मजकूर वाचेपर्यंत रिकामे असलेले रकाने अजून बरेच आहेत.