गांजाच्या झाडाचा गृहवास

पुराणांतल्या राजपुत्रांना वनवास भोगावा लागे. गांजाच्या झाडाच्या नशिबीं याच्या नेमकी उलट शिक्षा आली. मूळचें हें रानांतलें झाड; हिमालयाच्या पायथ्याशीं आणि उतारांवर तें आजहि कोणी न लावतां रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, गोठ्यामागें उगवतें. अशा झाडाच्या कित्येक पिढ्या विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत आणि युरोपांत चार भिंतींच्या आड, विजेच्या दिव्याखालीं जन्मल्या आणि तेथेंच सरल्या. पुढें तिकडचे कायदे सैल झाले, आणि ज्यांनीं हें झाड आजवर कोठडींतच पाहिलें होतें अशीं माणसें तें प्रथमच उघड्या आभाळाखालीं लावूं लागलीं. तेव्हां त्यांना आढळून आलें कीं, आपणांस हें झाड वाढवितां येतें हा आपला समज अर्धाच खरा होता. या गृहवासाची आणि त्यांतून झालेल्या सुटकेची हकीगत येथें सांगावयाची आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें गांजाची लागवड गुन्हा ठरली आहे. तेव्हां शेतकीचा धडा म्हणून हा लेख कोणी वाचूं नये.

हें झाड घरांत वाढविण्याचा एक जुना दाखला अठराव्या शतकांतला आहे, आणि त्याचा पोलिसांच्या भीतीशीं कांहीं संबंध नाहीं. स्वीडनमध्यें उप्साला येथें राहणारा प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें वनस्पतींतील नर-मादीभेदावर एक निबंध लिहिला व त्यास १७६० सालीं सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेचें पारितोषिक मिळालें. त्या निबंधांत त्यानें आपला एक घरगुती प्रयोग वर्णिला आहे. एप्रिल महिन्यांत त्यानें दोन कुंड्यांत या झाडाचें बीं पेरलें. प्रत्येक कुंडींत तीस-चाळीस रोपें आलीं. दोन्ही कुंड्या त्यानें खिडकीशींच ठेविल्या, पण एकमेकींपासून दूर अशा दोन निरनिराळ्या खोल्यांत. एका कुंडींतील नर त्यानें तसेच राहूं दिले. तेथें माद्यांना यथाकाळीं बीं धरलें. दुसऱ्या कुंडींतील नर ओळखूं येतांच त्यानें उपटून टाकिले. तेथील माद्या जोमानें वाढल्या, त्यांचीं फुलें पुष्कळ दिवस टिकलीं, त्यांतील केसर लांबच लांब होत गेले, पण बीं म्हणून धरलें नाहीं. लिनियसला सिद्ध करावयाचें होतें तें परागाचें कार्य. नराविना राहिलेल्या मादीचें फूल असें लांबतें आणि टिकतें, या गोष्टीवर एक अख्खा धंदा उभा राहतो हें त्याच्या ध्यानींमनींहि नसावें.

तो धंदा बंगालमध्यें मोकळ्या शेतांत चालला होता. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमा जेथें मिळतात त्या नौगांवच्या परिसराला इंग्रजी अमदानींत ‘गांजा महाल’ म्हणत. हेमचंद्र केर यांनीं १८७७ सालीं या लागवडीवर सरकारला एक विस्तृत अहवाल लिहून दिला आणि १८९३-९४ च्या गांजा-भांग चौकशी मंडळानें तोच विषय पुन्हा तपासला. मंडळानें जवळ जवळ बाराशें साक्षी घेतल्या, सात खंड छापले आणि सरसकट बंदीची जरूर नाहीं असा निर्वाह दिला. त्या खंडांतील नीतिअनीतीच्या चर्चेपेक्षां शेतीचीं वर्णनेंच आज अधिक वाचनीय वाटतात. रोपे वाफ्यांत तयार करावयाचे, पावसाळा उतरूं लागला कीं सरीवरंब्यावर लावावयाचे, खालच्या फांद्या छाटावयाच्या, आणि जानेवारी-फेब्रुवारींत पीक काढावयाचें, असा सारा क्रम. पण या क्रमांत एक मनुष्य असा होता कीं त्याच्यावांचून सगळें फुकट जावें. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. हिंवाळ्याच्या तोंडाशीं, फुलें उमलण्यापूर्वीं, तो शेतांतून ओळीओळीनें हिंडे आणि नुसत्या नजरेनें नर ओळखून ते काढवी. लिनियसनें चाळीस रोपांत जें केलें तें हा मनुष्य हजारों झाडांत करी. शिवाय लिनियसला दोन खोल्यांमधल्या भिंतींचा आधार होता. नौगांवच्या शेतांना भिंती नव्हत्या. एकानें नर राखला तर शेजाऱ्याच्या पिकांत बीं धरे. म्हणून पारखदाराचें काम हें एका शेताचें नव्हतें, साऱ्या शिवाराचें होतें. मुंबई इलाख्यांतहि अहमदनगर वगैरे जिल्ह्यांत गांजाची थोडीफार शेती होती, व मध्यप्रांतांत खांडव्याकडे ती बरीच होती. पण बंगालइतकी ती नामांकित नव्हती.

जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांतील जुने शेतकरी दोरखंडासाठीं हेंच झाड लावीत, आणि त्यांतील सडपातळ, लवकर वाळणाऱ्या नरांना ते मादी समजत व धष्टपुष्ट, बीं देणाऱ्या माद्यांना नर. बळकट तो पुरुष, ही समजूत वनस्पतींवरहि लादली गेली होती!

यापुढील पन्नास-पाऊणशें वर्षें भराभर ओलांडतां येतील. अमेरिकेनें १९३७ सालीं जबर कर बसवून हें झाड जवळ जवळ हद्दपार केलें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें बहुतेक देशांना त्याच वाटेला लाविलें. तरीहि १९७० नंतर कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील हंबोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगराळ जिल्ह्यांत तरुण मंडळी लपूनछपून हें पीक काढूं लागली. नर उपटण्याची युक्ति त्यांनींहि उचलली. बिनबियाच्या या मालाला त्यांनीं स्पॅनिश भाषेंतील ‘सिनसेमिया’ हें नांव दिलें. परंतु १९८३ पासून सरकारनें हेलिकॉप्टरें घालून तें डोंगर धुंडाळण्याची मोहीम सुरू केली. वरून दिसतें तें झाड वरून झांकलें पाहिजे, हा धडा लोक लवकर शिकले, आणि लागवड तळघरांत, गाड्यांच्या खोलींत, पोटमाळ्यावर शिरली. रस्त्यावरच्या दिव्यांत असतात त्या जातीचे सोडियमचे प्रखर दिवे छताला टांगले गेले.

येथें गृहवास खऱ्या अर्थानें सुरू झाला. त्या दिव्यांची उष्णता एवढी असे कीं तीच पुढें साक्षीदार होऊं लागली. ओरेगॉन संस्थानांतील फ्लॉरेन्स या गांवीं १९९२ सालीं पोलिसांनीं कायलो नामक गृहस्थाच्या घरावर रस्त्यावरूनच उष्णता टिपणारें यंत्र रोखलें; घराची एक बाजू शेजाऱ्यांच्या घरांपेक्षां जास्त तापलेली दिसली, झडती झाली आणि आंत शंभरावर झाडें सांपडलीं. हा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ सालीं नऊपैकीं पांच न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, वॉरंटावांचून घराच्या भिंतींआड असें डोकावणें राज्यघटनेला धरून नाहीं. घराच्या पावित्र्याचा हा मोठा निवाडा एका झाडाच्या उबेवरून झाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कोठडींतल्या लागवडीचें सारें शास्त्र एका घड्याळांत सांठविलेलें होतें. दिवे दिवसाचे अठरा तास चालू ठेविले कीं झाड नुसतें पानांनीं वाढतें. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार केला कीं तें फुलावर येतें. हें रहस्य ज्यानें प्रथम गाठीं मारलें तो पॅरिसचा तरुण संशोधक ज्युलियन तुर्न्वा. काचगृहांत हिंवाळ्यांत पेरलेलीं भांगेचीं आणि हॉप नामक वेलीचीं रोपें बोटभर असतांनाच फुलतात, हें पाहून तो चकित झाला. उष्णता, ओल, खत यांचा एकेक संशय फेडीत तो १९१२ ते १९१४ च्या दरम्यान या निष्कर्षाला पोंचला कीं, कारण दिवसाच्या लांबींत आहे. आणि त्याहून नेमकें बोलावयाचें तर, दिवस लहान होण्यापेक्षां रात्र मोठी होण्यांत आहे. तो पहिल्या महायुद्धांत मारला गेला. त्याच विषयावर अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर आणि ॲलर्ड यांनीं १९२० सालीं निबंध प्रसिद्ध केला आणि कीर्ति त्यांच्या पदरीं पडली. त्यांनीं तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या रोज दुपारीं अंधाऱ्या खोपटांत नेऊन ठेवाव्या आणि सकाळीं बाहेर आणाव्या, असा उन्हाळाभर खटाटोप केला होता. रात्रीचें महत्त्व तुर्न्वानें म्हटलें तेंच खरें, हें १९३८ सालीं दुसऱ्या एका झाडावर निर्विवाद ठरलें. इतक्या तरुणपणीं गेलेल्या या मनुष्याचें नांव शाळेच्या पुस्तकांतहि क्वचितच आढळतें.

असो. कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं औषधासाठीं आणि २०१६ सालीं सर्व प्रौढांसाठीं हें झाड मोकळें केलें; घरटीं सहा झाडें लावण्याची मुभा मिळाली. कॅनडानें २०१८ सालीं घरटीं चारांना व जर्मनीनें २०२४ सालीं माणशीं तिघांना परवानगी दिली. मग दिव्याखालीं हात बसलेले कितीएक बागवान कुंड्या उचलून अंगणांत आले. एवढ्या वर्षांत रात्र त्यांच्या मुठींत होती: बटण दाबलें कीं संध्याकाळ. आतां ती सूर्याच्या हातीं गेली.

पहिली फजिती याच हिशेबांत झाली. अठरा तासांच्या उजेडांत वाढलेलें रोप मे महिन्याच्या आरंभीं बाहेर ठेविलें, तर तेथें उजेड चौदा तासांच्या आसपास. धन्याला वाटे, वसंत आला. रोपाला वाटे, शरद आला. तें घाईघाईनें फुलावर येई. मग जूनमध्यें दिवस पंधरा तासांचा होई आणि झाड गोंधळून पुन्हा पानांकडे वळे. फुलांतून एकेरी पात्याचीं विचित्र पानें फुटत. चुकून मोसम बदललेल्या या झाडांचे महिनेच्या महिने वायां जात. दुसरी गोष्ट उन्हाची. सोडियमच्या दिव्यांत अतिनील किरण जवळ जवळ नसतात. त्या उजेडांत तयार झालेलें कोवळें पान दुपारच्या उन्हांत एका दिवसांत पांढरें पडे. आपल्याकडे सावलींतलें रोप बाहेर काढतांना म्हाताऱ्या माळिणी त्याला आठवडाभर थोडें थोडें ऊन दाखवितात. वर्षानुवर्षें कोठडींत काढलेल्या या कुशल लोकांना तेंच नव्यानें शिकावें लागलें. वाऱ्याचेंहि तसेंच. वाऱ्यानें सतत हलणारें खोड आंखूड आणि जाड होतें. निवाऱ्यांत वाढलेलें लांबोडें खोड पहिल्याच वावटळींत आडवें झालें. शरदांतला पाऊस, दाट फुलांच्या पोटांत धरणारी करडी बुरशी, अळ्या, हीं सारीं बाहेर वाट पाहतच होतीं. आणि २०२० च्या उन्हाळ्याअखेर उत्तर कॅलिफोर्नियांत जो वणवा पेटला त्यानें दहा लाख एकरांवर रान जाळलें. मैलोगणती दूरच्या झाडांवरहि राख बसली.

परागाचा प्रश्न तर बंगालच्या शिवारांतलाच. अमेरिकेनें डिसेंबर २०१८ मध्यें धाग्यासाठीं व बियांसाठीं होणारी, नशा जवळ जवळ नसलेली लागवड देशभर मोकळी केली. त्या शेतांत नर मुद्दाम ठेवलेले असतात आणि त्यांचे पराग वाऱ्यावर कोसच्या कोस जातात. ओरेगॉनमध्यें शेजाऱ्या-शेजाऱ्यांत यावरून तंटे माजले. बंद खोलींत ज्याला नर कधीं दिसला नव्हता त्याच्या फुलांत आतां बीं धरूं लागलें. सगळ्या शिवाराचा मिळून एक पारखदार असावा, ही व्यवस्था तिकडे कोणाला सुचली नाहीं; ती जेथें होती तेथें ती मोडून गेली आहे. नौगांवच्या शेतकऱ्यांनीं १९१७ सालीं सहकारी संस्था काढली होती व ती कित्येक दशकें चालली. पण १९८७ सालीं बांगला देशानें ही लागवडच बंद केली. पारखदारांची नजर कोणी वहींत उतरून ठेविलेली नाहीं; ठेवितां आलीहि नसती.

कायद्याचा विनोदहि पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१६ च्या कायद्यानें गांवांना अधिकार दिला कीं त्यांनीं हवें तर अंगणांतील लागवड मना करावी. घराच्या आंतील सहा झाडें मात्र त्यांना सर्वस्वी मना करतां येत नाहींत. म्हणजे कित्येक गांवीं सुटका होऊनहि गृहवास चालूच राहिला. त्याची किंमत अगदींच कल्पनेंतली नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासांत असा हिशेब आहे कीं, दिव्याखालीं पिकविलेल्या एक किलो वाळलेल्या फुलांमागें, प्रदेशाप्रमाणें, सुमारें २,३०० ते ५,२०० किलो कर्बवायूइतका भार हवेवर पडतो.

घड्याळाच्या या कथेंत सर्वांत अवघड स्थिति दक्षिणेकडील, म्हणजे केरळासारख्या प्रदेशांतील, बियांची झाली. तेथें वर्षभर दिवस आणि रात्र जवळ जवळ सारखींच; म्हणून तेथील झाड फुलण्यापूर्वीं लांब रात्रीची वाट पाहतें आणि मग सावकाश, तीन-तीन महिने फुलत राहतें. घड्याळ लावलेल्या खोलींत तें हॉलंडांतसुद्धां पिकलें. बाहेर लावलें, तर ॲमस्टरडॅमला हव्या तेवढ्या लांब रात्री येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. आणि झाड फुलाच्या ऐन भरांत येतें न येतें तोंच नोव्हेंबरचें हिंव पडलेलें असतें.