वऱ्हाडचा कापूस आणि हुसेनसागरची शिडं

आज विषय जरा आपल्याकडचा नसलेला आहे: तळ्यावर होणाऱ्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती. लिहिणारा अकोल्यात वाढलेला, म्हणजे नळ आला की शेजाऱ्यांना हाका मारून सांगतात त्या गावचा. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "इथं पेयाले पानी नाही, अन् तू होड्या काय पाह्यतं बे!" मुद्दा बिनतोड आहे. पण हैदराबादच्या हुसेनसागर तलावावरच्या शर्यतींचा इतिहास चाळायला लागलो, तेव्हा त्यात आपलं वऱ्हाड पुन्हा पुन्हा भेटायला लागलं. म्हणून हा उपद्व्याप.

सुरुवात 1803 पासून करावी लागते. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला अडगावला (आपल्या तेल्हाऱ्याकडचं) आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. जिंकणारा आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. देवगावच्या तहात वऱ्हाड भोसल्यांकडून गेलं आणि निजामाच्या पदरात पडलं. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी राहिली, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिचं मुख्य ठाणं बोलारमला. आपल्याकडे एलिचपूरला, म्हणजे अचलपूरलाही तिची छावणी होती. परतवाड्याला अजून काही म्हातारी माणसं 'कँप' म्हणतात ते त्यामुळेच.

या फौजेचे पगार थकले, कर्ज वाढत गेलं, आणि 1853 साली त्यापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड तोडून घेतलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि महसुलाचा पहिला खर्च ती फौज. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला, 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाड हे दुभतं जनावर ठरलं. आमच्या आजोबांच्या आजोबांनी भरलेला शेतसारा बोलारमच्या एखाद्या कॅप्टनच्या पगारात गेला असणार, हे गणित काही अवघड नाही.

बोलारमपासून काही मैलांवर सिकंदराबाद, आणि सिकंदराबादच्या अंगणात हुसेनसागर. सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेला हा तलाव. 1806 साली काठाशी छावणी वसली आणि तिथल्या साहेबांना वल्ही मारायला, शिडं उभारायला आयतंच पाणी मिळालं. (सिकंदराबादची तैनाती फौज वेगळी, तिचा खर्च दुसऱ्या मुलखातून निघे. दोन्हींची गल्लत करू नये. पण दोन्हीकडचे साहेब एकाच क्लबात बसत असणार!)

या क्लबाची गंमत तर ऐकाच. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून आयुष्यभर अर्ज केले, 1876 साली विलायतेची वारी केली. हाती काही आलं नाही. त्याच सालारजंगांची शिकारीची कोठी सिकंदराबाद क्लबाला मिळाली. वऱ्हाड गेलं ते गेलंच, वर कोठीही गेली! हुसेनसागरच्या काठावर या क्लबाची नौकानयनासाठी वेगळी जागा आहे. 1902 साली कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचं लिहून घेतलं. नंतर कंटिंजंट इंग्रजांच्या मुख्य फौजेत मिसळून गेली. छावणी राहिली आणि शिडं राहिली.

मी दोन पावसाळे नोकरीनिमित्त सिकंदराबादला होतो, तेव्हा या शर्यती काठावरून पाहिल्या. आधी वाटलं होतं, वाऱ्याच्या दिशेने सुसाट जायचं, जो पुढे तो जिंकला. तसं मुळीच नाही. पहिला बोया मुद्दाम वारा येतो त्या बाजूला ठेवतात. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जातच नाही. ती साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकी. घाटाच्या वळणांसारखं. त्यात हुसेनसागरच्या भोवती उंच इमारती, त्यामुळे वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो. पाणी कुठे काळपट झालं, म्हणजे झुळूक कुठून येतेय, हे ज्याला आधी दिसतं तो दोन वळणं वाचवतो. ताकदीपेक्षा नजर मोठी. समुद्रावर मुरलेले गडीही तळ्यावर गडबडतात ते यामुळे. आणखी एक आवडलं. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाटेचा हक्क असतो आणि ज्याने तो मोडला त्याने बहुतेक वेळा आपणहून जागेवर दोन गिरक्या घ्यायच्या. शिट्टी वाजवत कोणी मागे धावत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ मुख्यतः लष्कराने जगवला. ईएमई या तांत्रिक दलाची नौकानयन संघटना तिथे आहे, आणि ऐंशीच्या दशकापासून पावसाळ्यात 'हैदराबाद सेलिंग वीक' भरतो. होडी बहुतेक लेसर: कॅनडाच्या ब्रूस कर्बीने 1969 साली रेखाटलेली, सव्वाचार मीटरची, एका माणसाची. 2019 पासून तिचं अधिकृत नाव इल्का, पण जुनी माणसं लेसरच म्हणतात. पोरांची होडी ऑप्टिमिस्ट, फ्लोरिडाच्या क्लार्क मिल्सने 1947 साली प्लायवुडमधून केलेली. आणि या ऑप्टिमिस्टमध्येच मला इतिहास उलटा फिरताना दिसला. 2009 साली सुहेम शेख यांनी याट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला, तिथे वस्त्यांमधली, सरकारी शाळांतली पोरं शिकतात. त्यातली काही राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेली आहेत. ज्या पाण्याचा आता वास येतो, त्याच पाण्यावर ती साहेबांचा खेळ खेळतात, आणि साहेबांपेक्षा बरा खेळत असावीत असा माझा आपला अंदाज.

मग वऱ्हाडात का नाही? अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव लहान, आणि मुळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी केलेले. सिंभोऱ्याचा ऊर्ध्व वर्धा आणि महानचं काटेपूर्णा हे मोठे जलाशय तर अगदी अलीकडच्या काळातले. पण पैसा आणि इतिहास बाजूला ठेवला तरी एक अडचण उरतेच, ती मला महानच्या भिंतीवर उभं राहून कळली. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा सुटतो की टोपी राहत नाही, पण तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरतं, तोवर वारा पडलेला असतो. हुसेनसागर भर उन्हाळ्यातही बऱ्यापैकी भरलेला राहतो, कारण ते पाणी आता कोणी पीत नाही.

महानच्या पाण्यात होड्या आहेत, भोयांच्या, मासेमारीच्या. त्यातल्या एकाला विचारलं, शीड का लावत नाही हो? तो म्हणाला, "भाऊ, वाऱ्याच्या मनानं गेलं तं जाळं कोन काढन?"