परीक्षांची गोपनीयता आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी

दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिका मोहोरबंद पाकिटांतून परिरक्षक केंद्रावर आणि तेथून परीक्षा केंद्रावर जातात. या प्रवासातील प्रत्येक हस्तांतर हे जोखमीचे असते. पूर्वी वाचनासाठी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी दिली जात असे. तेवढ्यात ती मोबाइलवरून पसरू लागल्याने राज्य मंडळाने २०२३ मध्ये ही पद्धत बंद केली आणि ती दहा मिनिटे परीक्षेच्या अखेरीस वाढवून दिली.

पेपर फुटला की निरपराधांनाही शिक्षा भोगावी लागते. २०१८ मध्ये सीबीएसईच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राची परीक्षा २५ एप्रिलला पुन्हा द्यावी लागली. महाराष्ट्रात परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. केंद्राच्या २०२४ च्या कायद्यात तीन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मात्र तो प्रामुख्याने भरती व प्रवेश परीक्षांसाठी असून शालान्त परीक्षांना लागू नाही.

नोंदींचे मोल याहून दीर्घकालीन आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख व जात यांवरच शाळा सोडल्याचा दाखला तयार होतो आणि जातपडताळणीत आजोबांची शालेय नोंदही पुरावा ठरते. अशा नोंदीतील एक खाडाखोड पुढच्या पिढीला भोवू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तरीही रजिस्टर कुलुपात ठेवणे, संगणकाचा पासवर्ड सामाईक न ठेवणे आणि प्रत्येक दुरुस्तीवर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घेणे ही खबरदारी शाळेनेच घ्यायची आहे.