आजी-आजोबा आणि नातवंडांसह जव्हार-मोखाडा : प्राणी न दिसणारी सफारी

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द, अर्थ प्रवास. मूळ अरबी, म्हणजे मराठीतल्या ‘सफर’चं भावंडच. अख्खं घर घेऊन केनिया-टांझानियाला जायचं स्वप्न बरेच जण पाहतात. पण केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि साठीपुढच्यांना ही लस डॉक्टर जपूनच देतात. मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या जव्हार-मोखाड्याला जायला असलं काही लागत नाही. अर्थात तिथे सिंह नाहीत, जीपही नाही. मग तीन पिढ्यांनी तिथे जाऊन पाहायचं काय?

वाघ नाही, वाघोबा

पालघर जिल्ह्यातले हे दोन्ही तालुके वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी लोकांचे. बिबट्या दिसेल या आशेवर कुणी जाऊ नये. वाघोबा मात्र दिसू शकतो. वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला दगड किंवा लाकडी खांब, असं या देवाचं रूप. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. मागणं साधं असतं : माणसं आणि गुरंढोरं सांभाळ. नातवंडांना ‘जंगलात माणसं कशी राहतात?’ असा प्रश्न पडला, तर उत्तर इथून सुरू करता येतं.

मुखवट्यांची रात्र

या भागाचं खरं आकर्षण बोहाडा. होळीनंतरच्या दिवसांत गावोगावी होणाऱ्या या उत्सवात देव, दैत्य आणि पुराणातली पात्रं मुखवटे लावून संबळ-सनईच्या तालावर नाचतात. त्यांना ‘सोंगं’ म्हणतात. अनेक ठिकाणी ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराकडे असतो आणि तो बापाकडून मुलाकडे येतो. म्हणजे पाहायला आलेल्या तीन पिढ्यांसमोर नाचणाऱ्यांच्याही पिढ्या उभ्या असतात. सोंगं रात्रभर चालतात, त्यामुळे लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी मुक्काम जवळच हवा. हा देवाचा कार्यक्रम आहे, पर्यटकांसाठीचा खेळ नव्हे. रील काढण्याआधी विचारायलाच हवं.

कुणाला काय झेपेल?

जव्हार हे मुकणे राजघराण्याचं संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झालं. जयविलास राजवाडा खासगी असल्याने आत जाता येईल का, ते आधी विचारावं. शिरपामाळ ज्येष्ठांना सोपा. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, असं सांगितलं जातं. दाभोसा धबधबा सुमारे तीनशे फुटांचा. तो वरूनही दिसतो. खाली उतरण्याचा हट्ट गुडघे दुखणाऱ्यांनी सोडावा आणि डोहात कुणीच उतरू नये.

पाण्याचा हिशेब

धबधब्यांसाठी पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे उत्तम. बोहाडा पाहायचा तर उन्हाळा, आणि तेव्हा चित्र पार उलटं. पावसाळ्यात कोसळणारं पाणी उतारावरून वाहून जातं. उन्हाळ्यात मोखाड्यातले अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. याच तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईची तहान भागवतं. मुंबईच्या कुटुंबाने घरून बाटल्या भरून नेल्या, तर त्यातलं थोडं पाणी मोखाड्याचंच असू शकतं. तरीही त्या न्याव्यात. दहा जणांच्या घराने पाड्यावर जाऊन हंडाभर पाणी मागणं म्हणजे तिथल्या बाईची विहिरीवरची एक खेप वाढवणं.